पूजेला मांडलेली बाटली

सुगंधा पाष्टेला निवांत बसलेली कुणी पाहिली असेल तर त्याने पुढे यावं. नवरा आत्माराम शपथेवर सांगेल की लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्याने तरी पाहिलेली नाही. पूनम सागरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात ती चहासुद्धा उभ्याने पिते. एक घोट ओट्याशी, दुसरा गॅलरीत कपडे वाळले का ते चाचपताना, आणि तिसरा घ्यायचा राहूनच जातो. शेअर रिक्षात बसली तरी हात पर्समध्ये काहीतरी धुंडाळत असतात. सासू होती तेव्हा म्हणायची, हिला बूड द्यायला देव विसरला. सुगंधाला ते लागायचं नाही, कारण ऐकून घ्यायला ती तिथे थांबलेलीच नसायची.

आणि अशा बाईचं पोट कशावर चालावं? हात केसभर हलला तर वाया जाणाऱ्या कामावर! मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर उर्मिला मॅडमची पॅथॉलॉजी लॅब आहे. पुढच्या खोलीत रक्त-लघवीवाले बसतात. मागच्या खोलीत ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे येतात. ते मेणात बसवून त्याची छोटी वडी करतात, तिला ब्लॉक म्हणायचं. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्यावर त्या ब्लॉकच्या इतक्या पातळ चकत्या काढायच्या की फुंकर मारली तर उडून जातील. त्या काचेवर घेतल्या की स्लाइड झाली. बावीस वर्षं सुगंधा हेच करतेय. घरभर वावटळीसारखी फिरणारी ही बाई मायक्रोटोमपुढे श्वाससुद्धा विचारून घेते. तिच्या चकतीला सुरकुती पडत नाही, असं मॅडम बाहेरच्यांनाही सांगायच्या. सुगंधा वरवर नको नको म्हणायची आणि आतून फुलून जायची.

मागच्या वर्षी लॅबमध्ये नवी तपासणी आली. मॅडमनी ती सुगंधाच्या हाती दिली, तीन आठवडे परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात शिकायला पाठवून. गोष्ट समजायला सोपी आहे. आपल्या शरीरातली पेशी स्वतःची नक्कल काढते तेव्हा डीएनएमध्ये बारीकसारीक चुका होतातच, माणसाच्या काय आणि पेशीच्या काय. त्या चुका हुडकून दुरुस्त करणारी काही प्रथिनं असतात. या तपासणीत त्यांतली चार बघतात. एखादं गायब असलं की चुका साठत जातात आणि कधीतरी गाठ उभी राहते. गाठीत ते प्रथिन आहे की नाही हे बघायचं कसं, तर अँटिबॉडी टाकून. हे बाटलीतलं पाण्यासारखं औषध. थेंब टाकला की ते नेमकं आपल्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं, दुसऱ्या कशाला नाही. मग वरून रंग चढवला की जिथे चिकटलं तिथे तपकिरी दिसतं. तपकिरी म्हणजे प्रथिन आहे. नुसतं निळं म्हणजे नाही.

चार प्रथिनांच्या चार बाटल्या. फ्रीजमध्ये दोन ते आठ डिग्रीत ठेवायच्या, वापर झाला की लगेच परत आत. त्यांतली पीएमएस-टू नावाच्या प्रथिनाची बाटली फार नाजूक. बाकीच्या तिघी दणकट, ही मात्र जरा काही झालं की रुसणारी. सुगंधा तिला ‘धाकटी’ म्हणायची. फ्रीजचं दार कुणी जास्त वेळ उघडं ठेवलं तर खेकसायची, धाकटीला झळ लागतेय, बंद करा आधी. एवढं सगळं तिला माहीत होतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे पुढे जे झालं त्याला अडाणीपणाचं पांघरूण घालता येणार नाही.

खंडेनवमीला लॅबमध्ये हत्यारांची पूजा असते. मॅडम देवधर्मातल्या फारशा नाहीत, पण या पूजेला त्या नाही म्हणत नाहीत आणि ती मांडण्याचा मान सुगंधाचा. संगमेश्वरकडे तिच्या माहेरी कोयती, पहार, नांगराचा फाळ मांडायचे. इथे मायक्रोटोमला झेंडूचा हार, पात्यांना हळदकुंकू, सूक्ष्मदर्शकाला गंध. यंदा पाटावर लाल कापड अंथरताना तिच्या मनात आलं की आपलं खरं हत्यार तर फ्रीजमध्ये आहे. पातं काय, कुणीही फिरवील. ज्याच्यामुळे लॅबचं नाव भाईंदरपासून वसईपर्यंत गेलं ते हत्यार फ्रीजमध्येच ठेवून पूजा कसली? तिने चारही बाटल्या काढल्या आणि पाटावर मधोमध मांडल्या. प्रत्येकीच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावलं. मॅडमनी आरती केली, प्रसाद घेतला आणि त्यांची नाशिकची गाडी होती म्हणून घाईने निघाल्या. बाटल्यांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

निघताना जितेशने विचारलं होतं. जितेश तिच्याबरोबरीचा टेक्निशियन, नवघर गावातला, तिथेच जन्मलेला. “ताई, बाटल्या फ्रीजमधी ठेवतो ना? उकाडा लय हाय.” सुगंधाने त्याला झटकून टाकलं. पूजेला मांडलेलं असं उचलतात का कधी? दसरा होऊ दे, अक्षता टाकू, मग हलवू. जितेशलाही ते पटलं, कारण त्याच्याकडेही होडीच्या वल्ह्याला हार घातला की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत. दोघांनी दिवे बंद केले, एसी बंद केला, समईची वात शांत झाल्याची खात्री करून कुलूप लावलं. बुधवारचे चार वाजले होते. गुरुवारी दसरा, लॅब बंद. शुक्रवारी साडेआठला सुगंधाने अक्षता टाकल्या, कापसाने झाकणांवरचं कुंकू पुसलं आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. चाळीस तास बाटल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, बंद खोलीत! फ्रीजचं दार दोन मिनिटं जास्त उघडं राहिलं तर खेकसणारी ही बाई, आणि तिच्या मनाला शंकासुद्धा शिवली नाही. देवापुढे ठेवलेल्या वस्तूचं वाईट होतं हे तिच्या हाडांना कुणी शिकवलंच नव्हतं.

सुट्टीमुळे काम तुंबलेलं. शुक्रवारीच सहा जणांच्या स्लाइड लावायच्या होत्या. प्रत्येक खेपेला बरोबर एक कंट्रोल लावतात, म्हणजे ज्यात ही प्रथिनं शंभर टक्के आहेत असा अपेंडिक्सचा तुकडा. तो गडद तपकिरी आला तर बाटली ठीक, नाही आला तर सगळी खेप रद्द करून पुन्हा. त्या दिवशी तीन कंट्रोल गडद आले. धाकटीचा आला फिकट, दूध जास्त झालेल्या चहासारखा. सुगंधाने तो उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पाहिला. मग तिने स्वतःची समजूत काढली की ही कंट्रोलची चकती जुनी आहे, जुन्या चकत्या उतरतात. आहे की थोडा रंग. तिने कागदावर ‘कंट्रोल समाधानकारक’पुढे टिक केली आणि पुढच्या कामाला पळाली. राग येतो तो इथे. दोन मिनिटं बसली असती, फक्त दोन मिनिटं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्या सहांपैकी पाचांच्या गाठींत चारही प्रथिनं दिसली, धाकटीचं फिकट का होईना. सहाव्यात पीएमएस-टू दिसलंच नाही. आसपासच्या निरोगी पेशी जेमतेम तपकिरी, गाठ मात्र निळीशार. मॅडमनी स्लाइड पाहिली, कागदावरची टिक पाहिली आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की हे प्रथिन आढळत नाही. खाली सही केली. सुगंधाने केलेल्या खुणेवर बावीस वर्षांत त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

मागच्या खोलीत माणसं नसतात, नंबर असतात. हा नंबर कुणाचा हे सुगंधाला पंधरा दिवसांनी कळलं, दिवाळीच्या तोंडावर. हंसाबेन पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. केबिन रोडवर यतीनभाईंचं मॅचिंग सेंटर आहे, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, सगळं. सुगंधा दहा वर्षांची तिथली गिऱ्हाईक. गल्ल्यावर बसणारी हंसाबेन समोर उभी राहिली तेव्हा दोघींनाही आश्चर्य वाटलं. ताई, तुम्ही इथे काम करता होय, म्हणत तिने सुगंधाचा हातच धरला. यतीनभाईंच्या आतड्याची गाठ काढली होती सप्टेंबरच्या शेवटी. केमो लागणार म्हणून घरात रडारड. आणि इथला रिपोर्ट बघून मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की या प्रकारच्या गाठीला ते औषध काही उपयोगाचं नाही, केमो द्यायची गरजच नाही. तुमच्या हाताने आमची दिवाळी झाली, असं म्हणून तिने पेढा सुगंधाच्या तोंडात घातला. सुगंधा त्या दिवशी घरी जाताना हवेत होती.

दिवाळी झाली. धाकटीची बाटली संपली. नवीन उघडली, नेहमीसारखा कंट्रोल लावला आणि तो आला गडद, कातासारखा. त्याच जुन्या चकत्यांतली एक होती ती. सुगंधा स्लाइड हातात घेऊन उभी राहिली. चकती जुनी म्हणून फिकट येत होती, तर मग आज कशी गडद आली? ती मागे मागे जात राहिली. फ्रीज बंद पडला नव्हता. तापमानाच्या वहीत रोज चार डिग्री. मग वहीतलं दसऱ्याच्या आठवड्याचं पान आलं. फ्रीज चार डिग्री होता हो, पण बाटल्या आत कुठे होत्या? त्या लाल कापडावर होत्या, झेंडूच्या फुलांत.

दुसऱ्या दिवशी तिने यतीनभाईंचा ब्लॉक काढला. कुणी विचारलं नाही, ती रोज पन्नास ब्लॉक काढते. आयुष्यात पहिल्यांदा चकतीला सुरकुती पडली, ती टाकून तिने दुसरी घेतली. नव्या बाटलीतला थेंब टाकला, रंग चढवला, काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गाठ सगळी तपकिरी, इतरांच्या गाठींपेक्षा जरा हलकी, पण तपकिरी. प्रथिन होतं, पहिल्यापासून होतं. रिपोर्ट खोटा होता आणि ज्याच्या जोरावर त्या माणसाची केमो थांबवली तो आधारच नव्हता. पाठोपाठ तिने उरलेल्या पाचांचं आणि त्यानंतर त्या बाटलीवर झालेल्या सगळ्यांचंही पुन्हा करून पाहिलं. ते बरोबर होते. एकच माणूस चुकीच्या वाटेला लागला होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता.

आता कुणीही म्हणेल, ऊठ आणि मॅडमकडे जा. ती उठली, चार वेळा उठली. मॅडमच्या केबिनपर्यंत जायची आणि जितेशने विचारलं काय हवंय, तर स्टेपलर म्हणायची. चार दिवसांत तिच्या टेबलावर तीन स्टेपलर जमले. घरी भाकरी करपायला लागल्या. एरवी ती इकडून तिकडे जायची ती कामासाठी, आता नुसतीच फिरायची. फ्रीज उघडायची, बंद करायची. कपाटातल्या घड्या मोडून पुन्हा घालायची. पाचव्या दिवशी आत्मारामने हात धरून खाटेवर बसवलं आणि सगळं काढून घेतलं.

आत्माराम बँकेत शिपाई होता, आता निवृत्त. आयुष्यभर साहेबांची लफडी पाहिलेला माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या माणसाची गाठ निघाली आहे, तो दुकानावर बसतोय, बायको पेढे वाटतेय. तू जाऊन काय सांगणार, की पेढे परत करा आणि सुया टोचून घ्या? केमोने त्याचं भलंच होईल हे तरी कशावरून? उलट तुझी नोकरी जाईल, मॅडमच्या लॅबचं नाव जाईल, रोहितच्या लग्नाचं बघतोय आपण. हात दाखवून अवलक्षण कशाला? हे बोलताना तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. सुगंधाला त्याचं बोलणं हवंच होतं. ते तिने घट्ट धरून ठेवलं. त्यांचा आनंद आपण का हिसकावायचा, असं ती स्वतःला सांगायला लागली आणि त्या आधारावर आणखी तीन दिवस काढले.

पण परळला शिकलेलं डोक्यातून जाईना. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत औषध सुरू झालं तर उपयोग, उशीर झाला की तो कमी कमी होत जातो. सहावा आठवडा चालू होता. आठव्या दिवशी तिचे पाय तिला केबिन रोडवर घेऊन गेले. आपण अस्तर घ्यायला आलो, असं ती मनाशी म्हणत होती. चोराच्या मनात चांदणं. हंसाबेन बँकेत गेली होती. गल्ल्यावर यतीनभाई एकटेच, शर्टाची कॉलर मोठी झाल्यासारखी दिसत होती. त्यांनी तिला स्टूल दिलं, ती बसली नाही. अस्तराचे तीन तागे काढले, साडीच्या काठाला लावून पाहिले. मग कापता कापता कात्री खाली ठेवली.

“ताई, तुम्ही लॅबमधल्या. एक विचारू?” आवाज त्यांनी खाली आणला. “ते प्रोटीन नाही माझ्यात. डॉक्टर बोलले, ये चीज खानदान में चलती है, मुलीला पण असू शकतं. ते नक्की असतं काय?”

सुगंधा साडीची घडी घालू लागली. यतीनभाई बोलत राहिले. अनुष्का एकुलती एक, बावीस वर्षांची, सीएचा अभ्यास करतेय. तिला तपासायला सांगितलंय, आतडं दुर्बिणीने दरवर्षी बघायचं, म्हणे जन्मभर. हंसा खुश आहे, केमो नाही म्हणून. तिला ही दुसरी गोष्ट नीट समजलेलीच नाही, आणि समजावण्याची त्यांची हिंमत नाही. पोरीला घर द्यायचं, दुकान द्यायचं, सगळं ठरवलं होतं, आणि दिलं काय तर हे. ते म्हणाले, हल्ली तिच्यासमोर मी जेवायला बसत नाही. दुकानातच डबा खातो. तिच्याकडे बघितलं की घास उतरत नाही. हे सांगताना त्यांनी तागा नीट गुंडाळून पुन्हा उलगडला.

सुगंधाला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. यतीनभाई, तुमच्यात ते प्रोटीन आहे. ती म्हणाली काय? म्हणाली, डॉक्टर बोलतील तसं करायचं, सगळ्यांनाच असतं असं नाही. आणि अस्तर घेऊन निघाली, सुट्टे परत घ्यायचे राहिले. रस्त्यात तिला स्वतःची किळस आली. जो आनंद हिसकावायचा नाही म्हणून ती गप्प होती तो आनंद त्या माणसाला झालेलाच नव्हता. त्याच्या मानेवर तिने दगड ठेवला होता आणि आठ दिवस ती आपल्या चांगुलपणाच्या गप्पा ऐकत बसली होती.

सकाळी मॅडम आल्या तेव्हा सुगंधा केबिनच्या दारात दोन स्लाइड घेऊन उभी होती, जुनी आणि नवी. तिने पूजेपासून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, जितेशने विचारलं होतं हेही सांगितलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. दोन्ही स्लाइड त्यांनी पाहिल्या, खूप वेळ. मग कंट्रोलची जुनी स्लाइड मागवली आणि तीही पाहिली. त्या रागावतील, ओरडतील, तर बरं होईल असं सुगंधाला वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, निरोगी पेशी इतक्या फिकट होत्या, मलाही दिसायला हवं होतं, मी तुझी टिक बघून पुढे गेले. हे ऐकून सुगंधाला ओरडा खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं. मॅडमनी लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन केला, रिपोर्ट मागे घेतला, तोच ब्लॉक खात्रीसाठी परळलाही पाठवला. पीएमएस-टूची बाटली आजपासून जितेश हाताळील, एवढं जाता जाता सांगितलं. जितेशने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी परळहून उत्तर आलं, प्रथिन आहे. मॅडमनी यतीनभाई आणि हंसाबेनला बोलावून घेतलं.

सुगंधाला त्या म्हणाल्या, तू मागे बस, मी बोलते. ती बसली असती तर ती सुगंधा कसली? केबिनच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मॅडमनी गोल गोल न बोलता सांगितलं. आमची चूक झाली. तपासणीचं औषध खराब झालं होतं, रिपोर्ट चुकीचा गेला. तुमच्या गाठीत ते प्रथिन आहे. त्यामुळे केमोचा विचार पुन्हा करावा लागेल, डॉक्टर पुढच्या मंगळवारपासून सुरू करू म्हणतायत, अजून वेळेत आहे. हंसाबेनचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पदर तोंडाला लावला आणि नाही, नाही, असं म्हणत राहिली.

यतीनभाई मात्र पुढे वाकले. “मॅडम, मग माझी अनु?”

मॅडम म्हणाल्या, या कारणासाठी तिला काही तपासायची गरज उरली नाही. बाकी लोकांइतकीच काळजी घ्यायची, जास्त नाही. यतीनभाईंनी पुन्हा विचारलं, पक्कं? मॅडमनी पुन्हा सांगितलं. मग तो मोठा माणूस दोन्ही हातांत तोंड धरून रडला. खांदे हलत होते आणि मधूनच हसल्यासारखा आवाज येत होता. केमो घेतो, सहा महिने काय, वर्षभर घेतो, असं काहीतरी ते हातांतूनच म्हणाले. मग डोळे पुसून फोन काढला आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. दार उघडंच राहिलं. ते पोरीला सांगत होते, अनु, तू खाना मत खा, मी येतोय, बरोबर बसू.

सुगंधाच्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. क्षणभर उतरलंही. तिने हंसाबेनला पाणी दिलं आणि म्हणाली, चूक मॅडमची नाही, माझी आहे, बाटली मीच बाहेर ठेवली होती. हंसाबेनने ग्लास घेतला नाही. ती दाराबाहेर नवऱ्याकडे बघत होती. पंधरा-वीस दिवस हा माणूस घरी का जेवत नव्हता ते तिला आत्ता कळत होतं. तिने हिशेब लावावा तशी बोटांची पेरं मोजली आणि सुगंधाकडे वळली.

“ताई, हे तुम्हाला कधी कळलं?”

“दहा दिवस झाले.”

“परवा तुम्ही दुकानात आला होता. ह्यांनी तुम्हाला रिपोर्टचं काहीतरी विचारलं होतं, एवढंच मला सांगितलं त्यांनी. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

सुगंधा ग्लास हातात धरून उभी होती. तिला पळून जावंसं वाटलं, आयुष्यभर ती कशापासून तरी पळतच होती, पण आता दोन्ही पाय जागच्या जागी राहिले.

“हो,” ती म्हणाली. “माहीत होतं.”